अक्काचं मायबाप

अक्काला कुणी आपलं नाव सांगायला लागलं की ती हात वर करून त्याला थांबवायची. "नाव मागून. आधी जिल्हा." समोरचा बिचकायचा, जिल्हा सांगायचा. मग तालुका, मग गाव, गावात कोणती गल्ली, आणि हे सगळं झाल्यावर, "हां, आता सांग नाव." लातूरच्या आमच्या ऑफिसात मी पहिल्या दिवशी दारात उभा राहिलो तेव्हा माझीही हीच गत झाली. मी नांदेड जिल्ह्यातला, हिमायतनगरचा. नाव शेवटी सांगितलं मी, पण तोवर तिचं काम भागलं होतं. त्या दिवसापासून मी तिचा नांदेडकर झालो, तो तिनं लातूर सोडेपर्यंत.

अक्का चाळिशीची, ठेंगणी, गळ्यात इष्टलिंग, कपाळावर विभूतीची बोटं. तिचं गाव निलंग्याच्या पलीकडे, कर्नाटकाला अगदी चिकटून. त्यामुळे बोलता बोलता मध्येच कानडी यायचं आणि आपण कानडी बोललो हे तिच्या गावीही नसायचं. भाऊबहीण नाही, वडील लवकर गेलेले, लग्न तिनं केलं नव्हतं. का केलं नाही असं कुणी विचारलं तर म्हणायची, "इरली." इरली म्हणजे असू दे, राहू दे. चहा सांडला तरी इरली, वीज गेली तरी इरली. दिवसातून इतक्यांदा इरली ऐकून मला वाटायचं, या बाईला कशाचं काही वाटतच नाही. तिच्या आईबद्दल ती बोलायला लागली की मात्र हा समज टिकायचा नाही.

ऑफिस अप्पांचं होतं. अप्पा म्हणजे आमचे मालक. आधी त्यांची तुरीची आडत होती. पुढे कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं की आता दिवस कॉम्प्युटरचे आहेत, म्हणून त्यांनी आडतीच्याच गाळ्यात चार कॉम्प्युटर मांडले आणि जुनी कागदपत्रं स्कॅन करायची कामं घेऊ लागले. गाळ्याला तुरीचा वास शेवटपर्यंत राहिला. अप्पा कॉम्प्युटरला हात लावण्याआधी त्याला नमस्कार करायचे आणि मग दोन बोटांनी अशी बटणं दाबायचे, की आम्ही बघत बसायचो.

अक्कानं तिथं कामाला लागल्यावर थोड्याच दिवसांत एक लायब्ररी लिहिली. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, प्रोग्रॅम लिहिणारी माणसं पुन्हा पुन्हा लागणारं काम एकदाच लिहून बाजूला ठेवतात आणि लागेल तिथं बोलावतात, त्याला लायब्ररी म्हणतात. पण आम्ही लातुरात होतो. लातुरात लायब्ररी म्हणजे बारावीची पोरं महिन्याच्या बोलीनं खुर्ची घेऊन अभ्यास करत बसतात ती जागा. अक्कानं अप्पांना सांगितलं, "अप्पा, मी लायब्ररी केली." अप्पांचे डोळे चमकले. "कुठं? किती खुर्च्या बसतेत?" अक्का म्हणाली, "खुर्ची एकच हाय, माझी." अप्पांना ते पुढं कधी नीट समजलं असं मला वाटत नाही. आल्यागेल्याला मात्र ते सांगायचे, आमच्याकडं एक छोटी लायब्ररी पण हाय.

ती होतीही छोटीच. कागदावर छापली असती तर एका पानात मावली असती. तिचं काम एवढंच, की फोल्डरच्या आत फोल्डर, त्याच्या आत आणखी फोल्डर अशी उतरंड आपल्याला करून द्यायची. कॉम्प्युटरची एक खोड असते. त्याला म्हटलं, अमुक गावाचं फोल्डर कर, तर तो म्हणतो, गाव ठेवू कुठं, तालुका कुठाय? तालुका कर म्हटलं तर म्हणतो, जिल्हा कुठाय? आणि अडून बसतो. अक्काच्या लायब्ररीला फक्त सगळ्यात आतलं नाव द्यायचं, पूर्ण पत्त्यासकट. ती वर वर चढत जायची, जे नसेल ते करायची, आणि खाली येऊन शेवटचं फोल्डर करून द्यायची. जे आधीपासून असेल त्याला हात लावायची नाही. इंग्रजीत बाहेरच्या फोल्डरला आई-बाप आणि आतल्याला मूल म्हणतात. अक्कानं लायब्ररीचं नावच ठेवलं 'मायबाप'. "मायबाप न्हाईत म्हणून लेकरू अडून बसलंय," ती म्हणायची, "त्याला आधी मायबाप करून द्यायचे. मग बघ कसं गुमान बसतंय."

मायबाप काही बोलायचं नाही हे मात्र मला खटकायचं. काम झालं तरी गप्प, आधीच झालेलं असलं तरी गप्प. मी म्हणालो, अक्का, निदान 'झालं' एवढं तरी म्हणू दे त्याला. त्यावर तिनं माझ्याकडे असं बघितलं, की मीच अडाणी. "नांदेडकर, चालणारं काम बोलत न्हाई. जे मोडलंय ते ओरडतंय." वाद घालण्यात अर्थ नव्हता. ती स्वतःही तशीच होती. सकाळी येऊन कामाला बसली की जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिच्या खुर्चीतून आवाज यायचा तो फक्त कीबोर्डचा.

त्यानंतर तो उन्हाळा आला. लातूरला रेल्वेनं पाणी यायचं ते वर्ष, जास्त सांगायला नको. आम्ही सगळे घागरी, कॅन, बादल्या यांच्या हिशेबानं जगत होतो. मी ओल्या टॉवेलनं अंग पुसून कामाला यायचो. अक्काची सकाळची लिंगपूजा पळीभर पाण्यात व्हायची आणि ते तीर्थही ती पिऊन टाकायची, थेंब खाली पडू द्यायची नाही. सुरुवातीला आम्ही पाण्याबद्दल बोलायचो, चिडायचो, कुणाच्या गल्लीत टँकर आला यावर भांडायचो. नंतर तेही थांबलं. मला त्या दिवसांत कशाचं काही वाटेनासं झालं होतं. वाईट बातमी ऐकली की मी मान हलवायचो आणि पुढचा फोटो उघडायचो. हे लिहायला बरं वाटत नाही, पण तसंच होतं.

फोटो म्हणजे टँकरचे. अप्पांना त्या उन्हाळ्यात ते काम मिळालं होतं. गावात टँकर पोचला की ड्रायव्हरनं मोबाईलवर फोटो काढायचा. तो आमच्याकडे यायचा आणि मायबाप त्याला जिल्हा, तालुका, गाव, तारीख अशा उतरंडीत नेऊन ठेवायचं. वरच्या ऑफिसातली माणसं आपल्या जिल्ह्याचं फोल्डर उघडून फोटो बघायची. फोटो नाही म्हणजे खेप झाली नाही, आणि खेपा होत नसल्या म्हणजे त्या गावाला टँकरची गरज नाही, असा त्यांचा सरळ हिशेब होता. कुठल्या गावाचा फोटो कुठं ठेवायचा हे मायबापला कळावं म्हणून गावांची एक यादी होती. गाव, त्यापुढं तालुका, त्यापुढं जिल्हा.

अक्काच्या गावालाही टँकरचंच पाणी होतं. गावात तिची आई, जिला ती आव्वा म्हणायची, एकटीच राहायची. तिला लातूरला आणायचं हा अक्काचा त्या वर्षीचा एकच ध्यास होता. खोली झाडूनपुसून ठेवलेली, अप्पांच्या गोदामातली एक बाज मागून आणलेली. रोज दुपारी डबा खाताना फोन. आव्वाचा आवाज एवढा मोठा, की फोन अक्काच्या कानाला आणि ऐकू आम्हाला.

"ये गं आव्वा लातूरला. एकटी काय करून राहिलीस तिथं?"

"तुमच्या लातुरात आगगाडीनं पाणी येतंय म्हणं. हितं माझ्या दारात टँकर येतंय. मी कशाला येऊ?"

"टँकर बंद झाला तर?"

"बंद झालं की मग बघू. मग ये मला न्यायला."

रोजचं हेच बोलणं होतं. अक्का फोन ठेवायची आणि डब्यातली भाकरी संपवायची.

त्याच सुमारास नव्या जिल्ह्याची हवा होती. तशी ती आमच्याकडे अधूनमधून असतेच. लातूर तोडून उदगीरचा जिल्हा करणार, आज करणार, उद्या करणार. कोणता तालुका कुठं जाणार यावर चहाच्या टपरीवर माणसं तावातावानं बोलायची. तहसीलला पाणी नव्हतं आणि टपरीवर जिल्हे वाटले जात होते. अप्पांची मुळं उदगीरकडची. एका संध्याकाळी ते पेढे घेऊन आले. कुणा पुढाऱ्याच्या माणसानं त्यांना सांगितलं होतं की उद्या घोषणा पक्की. पेढे वाटून झाल्यावर त्यांनी कॉम्प्युटरला नमस्कार केला, गावांची यादी उघडली आणि दोन बोटांनी जिल्हा बदलायला बसले. जे जे तालुके त्यांच्या मते जाणार होते, त्यांच्यापुढं त्यांनी लातूर खोडून उदगीर लिहिलं. "घोषणा झाल्यावर धावपळ नको," म्हणाले. आम्हाला त्यांनी ते सांगितलंही असेल, पण अप्पा यादीशी काहीबाही करतच असायचे.

घोषणा काही झाली नाही. अप्पा रुसले, दोन दिवस ऑफिसला आले नाहीत, आणि यादीचं त्यांच्या डोक्यातून निघून गेलं. मायबापनं मात्र सांगितलेलं काम केलं. उदगीर जिल्हा शोधला, सापडला नाही, म्हणून केला. त्यात तालुके केले, त्यात गावं केली, आणि तिथं रोजचे फोटो नीट ठेवत राहिलं. कुठं काही ओरडलं नाही. सरकारला जमलं नव्हतं ते अक्काच्या एका पानाच्या लायब्ररीनं एका रात्रीत करून ठेवलं होतं.

थोड्याच दिवसांत त्या गावांचे टँकर थांबले. अप्पांना फोन येऊ लागले. अप्पा सगळ्यांना सांगायचे, वरून बंद हाय, आमच्या हातात काय? आम्हालाही तसंच वाटलं. त्या उन्हाळ्यात टँकर बंद होणं ही काही नवलाची गोष्ट नव्हती. मग एक दिवस आव्वाचाच फोन आला, जेवणाच्या सुट्टीच्या आधी.

"पाणी न्हाई गं. घागरी पालथ्या हायत. ये मला न्यायला."

आव्वाचा आवाज त्या दिवशी लहान होता. अक्का म्हणाली, "उद्या सकाळच्या गाडीनं येते." फोन ठेवून तिनं माझ्याकडे बघितलं आणि हसली. एवढं मोकळं हसताना मी तिला आधी पाहिलं नव्हतं. आईला पाणी नाही आणि ही हसतेय, असं कुणी म्हटलं असतं, पण मला ते समजलं. तिची आई शेवटी येत होती.

दुपारी तिनं सहज आपल्या गावाचं फोल्डर उघडलं. गावाचा शेवटचा टँकर तरी बघावा, असं काहीतरी मनात असेल. शेवटचा फोटो बऱ्याच दिवसांपूर्वीचा होता. ती थांबली. "नांदेडकर, हे कसं? त्याच्यानंतर टँकर येऊन गेलाय. आव्वानं मला सांगितलंय की." मग तिनं शोध घेतला आणि लातूरच्या शेजारी, बरोबरीच्या मानानं बसलेला उदगीर जिल्हा तिला दिसला. आत तिचा तालुका होता, तालुक्यात तिचं गाव, आणि गावात, वर कुणीच न पाहिलेले सगळे फोटो. एकात टँकरच्या तोटीपाशी घागर धरून आव्वा उभी होती, डोक्यावरचा पदर दातात धरून.

काय झालं ते आम्हा दोघांनाही एका दमात कळलं. यादी सरळ करायची, फोटो परत लातूरच्या फोल्डरात टाकायचे, वर एक फोन करायचा. तासाभराचंही काम नव्हतं. अक्कानं माऊसवर हात ठेवला आणि तसाच ठेवून ती बसून राहिली. माझ्यासमोरचा चहा निवून गेला.

"नांदेडकर," ती पडद्याकडे बघतच म्हणाली, "हे आजच्या दिवस तसंच ठिवलं तर?"

मी निवलेला चहा बाजूला सारला.

"उद्या आव्वाला घेऊन येते. परवा दुरुस्त करते. कुणाला कळणार न्हाई."

खरंच कुणाला कळलं नसतं. आणि दुरुस्त केलं तर काय होणार, हेही तिला ठाऊक होतं. टँकर दारात आला की आव्वा हलणार नाही. ती बाज अप्पांच्या गोदामात परत जाईल. मग ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "गावात लई माणूस हाय," आणि तिची बोटं चालू लागली. यादीतला एकेक तालुका तिनं पुन्हा लातूरला आणला. फोटो हलवले. नवा जिल्हा रिकामा झाला तेव्हा तोही पुसला. मग अप्पांकडे गेली आणि एवढंच म्हणाली, "अप्पा, जिल्हा अजून झाला न्हाई. वर फोन करा." अप्पा म्हणाले, "होणारच हाय की गं," पण फोन त्यांनी लगेच केला. ती त्यांना पुढं कधी एका शब्दानंही बोलल्याचं मी ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटेच टँकर गावात पोचला. अक्का स्टँडवर गाडीची वाट बघत उभी होती, तिथंच तिला फोन आला. ते तिनंच मला सांगितलं. आव्वा म्हणाली, "टँकर आलं गं. आता न्हाई येत मी. तू बी कशाला भाडं घालतीस? ऱ्हा तिथंच." अक्का म्हणाली, "बरं." आणि स्टँडवरून सरळ ऑफिसला आली. त्या दिवशी तिनं मायबापमध्ये एक सुधारणा केली. सगळ्यात वरचं फोल्डर नसेल तर मायबापनं आता थांबायचं आणि विचारायचं. मी विचारलं, का? म्हणाली, "मधलं कायबी करावं. वरचं आपण करायचं न्हाई. ते असावं लागतंय."

पाऊस यायच्या आधीच आव्वा गेली. उन्हाची वेळ होती, पडवीत भिंतीला टेकून बसली ती बसलीच. शेजारणीनं हाक मारली तेव्हा कळलं. अप्पा आणि मी मातीला गेलो. लिंगायतांच्या रीतीप्रमाणे आव्वाला बसलेलंच ठेवून शेतात समाधी द्यायची होती, आणि जमीन एवढी कडक झालेली, की टिकाव मारला की उडून परत येत होता. खड्डा व्हायला फार वेळ लागला. तेवढ्यात गावात टँकर आल्याचा भोंगा वाजला. जमलेली माणसं एकमेकांकडे बघू लागली. कुणी हलेना. अक्का आव्वाच्या पायाशी बसली होती. तिनं मान वर केली आणि म्हणाली, "जावा. आधी भरून घ्या. आव्वा कुठं जात न्हाई." बायका गेल्या, पाठोपाठ पुरुषही गेले. खड्ड्यापाशी आम्ही चारपाच जणच उरलो. मी आव्वाला फक्त फोनवर ऐकलेलं आणि एका फोटोत पाहिलेलं. मला रडू आलं नाही. अक्कालाही आलं नाही. आम्ही दोघं खड्ड्याकडे बघत उभे होतो आणि मला आठवतं ते एवढंच, की घसा फार कोरडा पडला होता.

ती आठवड्याभरात कामावर आली. पहिल्यासारखीच काम करायची, फक्त दुपारी डबा उघडला की हात फोनकडे जायचा आणि परत यायचा. आल्यागेल्याला जिल्हा विचारणं तिनं सोडून दिलं. कुणी नाव सांगितलं की नावच लिहून घ्यायची. पाऊस सुरू झाला, टँकर थांबले, अप्पांचं काम संपलं. मला नांदेडला नोकरी मिळाली. अक्का म्हणाली, मी गावाला जाते, शेत पडून हाय. अप्पांनी तिला फार समजावलं, लायब्ररी मोठी करू, खुर्च्या वाढवू, म्हणाले. ती हसली नाही.

ती निघाली त्या दिवशी मी तिला सोडायला लातूरच्या स्टँडवर गेलो. निलंग्याची गाडी लागायची होती. आम्ही सिमेंटच्या बाकावर बसलो होतो. पावसानं सगळा चिखल झाला होता आणि लोक चिखलाला शिव्या देत चालले होते. अक्का आपणहून बोलायला लागली.

"घर आवरलं तवा आव्वाचं गठुडं सापडलं. दाराआड ठिवलेलं. दोन लुगडी, विभूतीची पुडी, चष्मा. लातूरला यायला बांधलेलं."

मी म्हणालो, "टँकर बंद होता तेव्हा बांधलं असेल. नंतर सोडायचं राहून गेलं असेल."

"मला बी तसंच वाटलं. पर त्यात पाण्याची बाटली होती, भरलेली. टँकर बंद होता तवा बाटली कुठनं भरंल ती? टँकर सुरू झाल्यावर भरलीय. माझ्यासाठी आणायली होती, लातुरात पाणी न्हाई म्हणून."

समोरून एक गाडी निघून गेली, तिची नव्हती.

"ती न्हाई म्हणली, मी बरं म्हणलं," अक्का म्हणाली. "अजून एकदा ये म्हणायला पायजे होतं. तेवढ्याचीच वाट बघून राहिली असंल ती."

मला त्या सगळ्या उन्हाळ्यात जे वाटलं नव्हतं ते तेव्हा वाटलं. तिचा हात धरावा असं वाटलं, पण तशी आमच्यात रीत नव्हती. निलंग्याची गाडी लागली. लोक दारावर तुटून पडले. अक्कानं पिशवी काखेत मारली आणि उठली. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी विचारलं, "आणि त्या बाटलीचं काय केलंस?"

"पिले की," ती म्हणाली. "पाणी कसं टाकवंल?" आणि ती गाडीत चढली.